पुलावर अडणारी गाडी

आमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलेलं दोन खोल्यांचं घर डायवरचं. त्याचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल. बाकी सगळी गल्ली त्याला डायवर म्हणायची आणि त्याच्या बायकोला डायवरीण. उभा जन्म त्यानं रेल्वेचं इंजिन हाकलं. अंगानं आडवा, मान आखूड आणि पंजा असा की चहाचा कप त्यात दिसेनासा व्हायचा. डोळे मात्र कायम लांब लागलेले. तुम्ही पुढ्यात बसून बोलत असलात तरी तो तुमच्या खांद्यावरून पलीकडं बघायचा, जसा काही तुमच्या पाठीमागं सिग्नल उभा आहे. नवख्याला वाटायचं, बुवा भारी शिष्ट दिसतोय. शिष्ट कसला, सवय ती.

त्याची लाईन एकच. मोठ्या जंक्शनातून सुटायची, डोंगराला वळसा घालायची, लांबलचक पुलावरून नदी ओलांडायची आणि एका तळ्याच्या काठी जाऊन संपायची. संपायची म्हणजे खरोखरच संपायची. पुढं रूळ नाहीत, आडवा लावलेला एक ओंडका आणि त्याच्यामागं पाणी. त्या शेवटच्या स्टेशनावर त्याचा मुक्काम पडायचा. सकाळी उठून फलाटाच्या टोकाला दात घासत उभा राहिला की समोर तळं. ते कसं दिसतं हे त्यानं बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला पाठ झालं होतं.

"काचेसारखं असतं बघ. राखाडी. पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं कळत नाही. एक सुरकुती नाही."

"नुसतं सांगताच. नेत मात्र नाही," ती म्हणायची.

"पुढच्या सुट्टीत नेतो."

पुढच्या सुट्टीत तिच्या सासऱ्यानं अंथरूण धरलं. तो गेला, मग लेकीची शाळा. मग डायवरिणीकडं शिवणकाम यायला लागलं आणि मशीनवरून उठायला फुरसत मिळेना. एकदा तर पिशवी भरून दाराशी ठेवली होती आणि ऐन वेळी लेकीला गोवर निघाला. असं करता करता पुलाचा एक खांब खचला. साहेब लोक आले, टोप्या घालून, वाकून वाकून खाली बघून गेले आणि लाईन बंद पडली. वर्ष सरायच्या आत रूळसुद्धा उपटून नेले. डायवरची नोकरीही त्याच सुमाराला संपली.

तळं कुठं पळून गेलं नव्हतं. डोंगराला मोठा फेरा घालून बस तिकडं जायची. पण डायवरला ते पटेना. "बसमधून जाऊन मागच्या दारानं बघायचं, ते कसलं बघणं?" आणि बायकोही त्याच्याच वळणाची. "जाईन तर तुमच्या गाडीनं," म्हणायची. दोघंही हट्टी असले की भांडण होत नाही, नुसतं काम राहून जातं. तसं ते राहिलं.

घरी बसल्यावर डायवर बायकोच्या पायात पायात करायला लागला. डबे उघड, झाकणं लाव, भिंतीवरच्या घड्याळाशी मनगटावरचं घड्याळ जुळव. तिच्या नाकात दम आणला त्यानं. लेक लांबच्या गावी शाळेत मास्तरीण. तिनं आपला जुना कॉम्प्युटर आणून बापाच्या गळ्यात मारला. तो जोडून द्यायला बाजारपेठेतला दुरुस्तीवाला आला. अवाढव्य पोटाचा माणूस, खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेले, खुर्चीत बसला की खुर्ची कण्हायची. इंजिन डायवरचं घर म्हणून त्यानं जाता जाता मशीनमध्ये रेल्वे चालवायचा एक खेळ टाकला. त्यानं हे गमतीत केलं. डायवरनं मनावर घेतलं.

परक्या लाईनी त्याला गोड लागेनात. पण त्या खेळात आपले रूळ आपण टाकता येतात, स्टेशनं उभी करता येतात, हे कळलं आणि माणूस बदलला. जी लाईन उपटून नेली होती ती त्यानं घरात बसून पुन्हा टाकायला घेतली. चढ किती, वळण कुठं, कुठल्या बोगद्यातून बाहेर पडताना उन्हानं डोळे दिपतात, सगळं. नुसते रूळ टाकून त्याचं भागेना. पंपघर घातलं. सिग्नलच्या केबिनमागची कपडे वाळत घालायची दोरी घातली, तिच्यावर केबिनमनची फाटकी चड्डी घातली. प्रत्येक फलाटावर माणसं, हमाल, ट्रंकेवर बसलेली म्हातारी, झोपलेलं कुत्रं. ह्यात त्याची काही वर्षं निघून गेली, आणि बरी गेली.

बायकोलाही त्यानं कामाला लावलं होतं. इंजिनात एक रीत असते. डायवर सिग्नल बघून मोठ्यानं बोलतो आणि असिस्टंट तोच परत बोलतो. दुसऱ्याचा आवाज आला नाही तर गाडी पुढं न्यायची नाही, थांबायचं. घरात असिस्टंट कुठला आणायचा? मग हा खुर्चीतून ओरडायचा, "हिरवा," आणि डायवरीण चुलीपाशी पाठमोरी उभी राहून म्हणायची, "हिरवा. मिठाचा डबा कुठं ठेवलात?"

कधी ती हात पुसत येऊन पडद्यासमोर उभी राहायची. एकदा तिनं फाटकापाशी उभी केलेली पिवळ्या कोटातली बाई बघितली.

"ही कोण?"

"फाटकवाली."

"नीटनेटकी आहे."

"होती खरी नीटनेटकी."

"प्रत्येक फाटकावर हीच कशी हो?"

"खेळात बाई एकच आहे, मी काय करू?"

"खेळातच ना? मग हरकत नाही," म्हणून ती आत गेली, आणि त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्त पडलं असं डायवर सांगायचा.

पण एवढा संसार त्या जुन्या मशीनला पेलेना. पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि मेमरी कमी आहे, उघडी कामं बंद करा, अशा अर्थाची पाटी पडद्यावर यायला लागली. आधी अधूनमधून, मग रोज. आणि लांब पूल आला की मशीन ठप्प. चाकं थांबायची, नदी अर्धी उमटलेली आणि अर्धी काळी राहायची, माऊस हलवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. शेवटच्या स्टेशनापर्यंत त्यानं सगळं मांडून ठेवलं होतं, पण जंक्शनातून निघून सलग तिथं गाडी एकदाही पोचली नव्हती.

डायवरनं आपल्या अकलेनं उपाय केले. पहिला उपाय असा की मशीनमधलं जे जे बिनकामाचं वाटलं ते काढून टाकलं. ओझं उतरवलं की गाडी चढ चढते, सरळ हिशोब. पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, त्या मशीनवर माझ्या सगळ्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. जरा पाठवायला सांगता का दुरुस्तीवाल्याला?"

"त्या होय," डायवर म्हणाला. "त्या उतरवल्या."

"कुठं उतरवल्या?"

"उतरवल्या म्हणजे, नाहीत आता. मेमरी कमी पडत होती."

लेक पुढचे दोन महिने आईशीच बोलली.

दुरुस्तीवाल्यानं हे ऐकून कपाळाला हात लावला. "काका, फडताळ वेगळं आणि ओटा वेगळा. फडताळात डबे कितीही ठेवा. पण स्वयंपाक करताना ओट्यावर जागा किती, तेवढंच बाहेर मांडता येतं. ही पाटी ओट्याबद्दल बोलते आहे. तुम्ही फडताळ रिकामं करून बसलात."

"मग ओटा वाढवून दे."

"ह्या मशीनला दोनच खाचा आहेत, दोन्ही भरल्यात. वाढत नाही. नवीन मशीन घेतलंत तर हा जुना खेळ त्यावर चालणार नाही. नवा घ्यावा लागेल, आणि त्यात तुमची लाईन पहिल्यापासून टाकावी लागेल."

त्यानं होतं तेवढं केलं. मशीन सुरू होताना आपोआप उघडून बसणारे फुकटे प्रोग्रॅम बंद केले. ओट्यावर मावत नाही ते थोडा वेळ फडताळात टेकवून ठेवायची सोय केली. त्यानं मशीन बंद पडायचं जरा कमी झालं, पण ते धापा टाकत चालायला लागलं.

डायवरनं मात्र स्वतःचा तोडगा शोधला होता. पिवळा म्हणजे काय? पिवळा म्हणजे थांबा नव्हे. पिवळा म्हणजे वेग कमी करा, पुढं लाल असू शकेल, तयारीनं चला. हे त्याच्या हाडात मुरलेलं. म्हणून पिवळा त्रिकोण दिसला की तो पाटी मिटवून गाडीचा वेग उतरवायचा, पार बैलगाडीवर आणायचा. दुरुस्तीवाला पोट धरून हसला. "काका, तो सिग्नल नाही हो, मशीन बोंबलतंय." पण खेळाचं असं होतं की गाडी सावकाश गेली की नवा देखावा हळूहळू बाहेर काढावा लागायचा, आणि मशीनला थोडी उसंत मिळायची. म्हणून डायवरचा समज पक्का झाला. रांगत रांगत गाडी पुलाच्या तोंडापर्यंत यायची, आणि आणखी हळू नेली तर पूलही ओलांडेल अशी त्याची खात्री. अख्खी दुपार जायची त्यात. पण दुपार त्याच्याकडं भरपूर होती.

मग डायवरीण आजारी पडली.

आधी जिना चढताना धाप, मग बादली उचलताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरनं तपासलं, फोटो काढले, आणि डायवरला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय दमलंय, फार दिवस ओढणार नाही, घरीच ठेवा, आवडेल ते करा. डायवर घरी येऊन तिच्या उशाशी बसला. सांगावं की सांगू नये ह्या घोळात त्याचं बूड स्थिर नव्हतं. तिनंच विषय काढला.

"काय म्हणाला?"

"विश्रांती घ्या म्हणाला."

"म्हणजे गाशा गुंडाळा." ती छतावरच्या ओलीकडं बघत म्हणाली, "अहो, तळ्याचं काय? आता कधी नेताय?"

ती हे चेष्टेनं म्हणाली. तिचा चेहराही हसरा होता. पण डायवर उठला, बाहेरच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरपुढं बसला आणि कितीतरी वेळ त्यानं तो सुरूच केला नाही. बसनं नेण्याजोगी आता ती राहिली नव्हती. न्यायचं तर ह्याच गाडीनं, ह्याच खोलीतून, आणि लवकर.

त्यानं तिची खाट बाहेरच्या खोलीत आणली. खुर्चीला उशा बांधून तिला त्यात बसवलं आणि गाडी सोडली. आपल्या पद्धतीनं, सावकाश. पण ती बसू शकायची ते किती? दुसरं स्टेशन यायच्या आत तिचे ओठ निळे पडायला लागले. मान एका बाजूला कलली.

"निजव मला," ती म्हणाली. एरवी ती नवऱ्याला अहोजाहो करायची. तोंडातून एकेरी निघालं म्हणजे तिची काय दशा झाली असेल ते समजा.

दुसऱ्या दिवशी त्यानं वेग वाढवून बघितला. पुलावर मशीन ठप्प. तिसऱ्या दिवशी तेच. हळू जावं तर तिची ताकद पुरत नाही, जोरात जावं तर मशीनची पुरत नाही. ह्या कचाट्यात त्यानं दुरुस्तीवाल्याला पुन्हा बोलावलं.

दुरुस्तीवाला खाटेकडं बघून ह्या खेपेला हसला नाही. खुर्चीत बसला, लाईन बघत राहिला. "काका, हे सगळं काढावं लागेल. देखावा हलका करा. आधी लांबची झाडं, मग घरं, मग माणसं. रूळ, सिग्नल आणि स्टेशनं एवढंच ठेवा. मग जाईल जोरात."

"माणसं काढू?"

"माणसंसुद्धा. ती हलतात ना, म्हणून जड."

डायवर उपटायला लागला. जी लाईन टाकायला वर्षं घातली होती ती सोलून काढायला फार वेळ लागला नाही. डोंगरावरची झाडं गेली, डोंगर भादरल्यासारखा दिसायला लागला. पंपघर गेलं. दोरी गेली, चड्डी गेली. बायको पडल्या पडल्या बघत होती.

"ट्रंकेवरची म्हातारी काढलीत?"

"काढली."

"बिचारी. किती वर्षं गाडीची वाट बघत होती." मग जरा दम घेऊन, "आणि ती पिवळा कोट?"

"तिचं वजन काही फार नाही."

"मग राहू द्या की. मला सोबत होईल."

त्यानं फाटकवालीही काढली. फलाट धुऊन काढल्यासारखे मोकळे झाले. गाडी आता झपाट्यानं पुलापर्यंत यायला लागली, आणि पुलावर तरीही अडायची. आधीइतकी नाही, पण पाटी यायची, पडदा गोठायचा.

"पाणी," दुरुस्तीवाला म्हणाला. "खेळात पाण्याएवढं जड काही नाही. त्याच्या लाटा, त्याची चमक, ते सारखं हलत असतं. तेच घोडं अडवतंय. पाणी काढा."

"बरं, नदी काढतो. तळं राहू दे."

दुरुस्तीवाल्यानं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पुन्हा खिशात ठेवला. "तसं होत नाही, काका. पाण्याचं बटण एकच आहे. गेलं तर सगळं जातं."

"तळ्यासाठी तर चाललोय आम्ही."

"ते कळतंय मला."

"तळ्याच्या जागी काय दिसेल मग?"

"पाण्याखाली खेळवाल्यांनी जी सपाट जमीन टाकलेली असते ती. राखाडी असते बहुतेक."

डायवरनं त्या बटणाला चार दिवस हात लावला नाही. ह्या दिवसांत लेक रजा काढून आली. आईची खाट बाहेरच्या खोलीत, औषधं कीबोर्डाच्या शेजारी, आणि बाप पडद्याला डोळे लावून बसलेला. तिचं डोकं फिरलं.

"बाबा, तिला झोपू द्या हो. ती मरायला टेकली आहे आणि तुम्ही खेळणं लावून बसलाय."

"अगं, हळू बोल."

"का हळू बोलू? तिला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे," आई खाटेवरून म्हणाली. "आणि खेळणं मलाच बघायचंय. तू मध्ये पडू नकोस."

"आई, काय बघायचंय तुला? रूळच उरलेत तिथं."

"रुळांवरूनच जातात ना गाड्या? जा, मला पाणी दे आणि ह्यांना चहा दे. सकाळपासून काही घेतलं नाही त्यांनी."

लेक आत गेली. भांडी जरा मोठ्यानं वाजली, मग वाजायची थांबली. डायवरनं बायकोकडं बघितलं. डोळे मिटून पडली होती. गळ्याची शीर उडत होती. त्यानं ते एक बटण शोधलं आणि दाबलं. तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. तिनं केस विंचरून मागितले, बरा कपडा मागितला. लेकीनं तोंड न उघडता सगळं केलं. दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं, चारी बाजूंनी उशा लावल्या. डायवरनं जंक्शनातून गाडी सोडली.

आजूबाजूला काही नव्हतं. करडी माती, उघडा डोंगर, मधून रूळ. ढगसुद्धा काढल्यामुळं आभाळ रंगवलेल्या पत्र्यासारखं. सिग्नल तेवढे एकामागून एक यायचे.

"हिरवा," डायवर म्हणायचा.

"हिरवा," ती म्हणायची. तोंडातल्या तोंडात, पण म्हणायची.

बोगदा गेला. फाटकं गेली, कुणी नसलेली. "इथं तुमची ती असायची ना?" तिनं विचारलं. "इथंच," तो म्हणाला. मशीन गुरगुरत होतं, पण पाटी आली नाही. पुलाच्या अलीकडचा सिग्नल दिसला.

"हिरवा."

मागून आवाज आला नाही.

"हिरवा," तो पुन्हा म्हणाला.

काही नाही. त्यानं ब्रेक लावला. गाडी पुलाच्या तोंडाशी थांबली. तो वळला नाही. डावा हात तसाच ब्रेकच्या बटणावर ठेवून समोर सिग्नलकडं बघत बसला. लेक दारात उभी होती. तिला आईच्या छातीवरचा कपडा वरखाली होताना दिसत होता. त्याला दिसत नव्हता. तिला तोंडावर आलं होतं की बाबा, डोळा लागलाय तिचा. पण बापाची ताठ मान बघून तिनं नुसती दाराची चौकट धरली. शेवटी ती पुढं येऊन आईच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात आईनं डोळे उघडले.

"थांबलात का?"

"तू बोलली नाहीस."

"हिरवा आहे की. चला."

पूल सुरू झाला. खाली नुसती करडी खाच.

"नदी?" तिनं विचारलं.

"उन्हाळा आहे," डायवर म्हणाला. "आटली आहे."

पुलानंतरचा भाग छोटा. शेवटचं वळण घेऊन गाडी फलाटाला लागली. डायवरनं वेग उतरवला, ओंडक्याच्या अलीकडं अलगद थांबवली. एक धक्का नाही. ओंडक्यामागं, फलाटापलीकडं, पार आभाळाला टेकेपर्यंत राखाडी सपाट काहीतरी पसरलं होतं. पाणी नव्हतं ते. पाण्याखालची जमीन होती. डायवरला ती बघवेना. त्यानं तोंड उघडलं, तिला सांगायला की थांब, हे तळं नव्हे.

"अगदी तसंच आहे हो," ती म्हणाली. "सांगायचात तसंच. काचेसारखं."

डायवर तिच्याकडं बघत राहिला. त्यानं उघडलेलं तोंड मिटलं.

"एक सुरकुती नाही," ती म्हणाली. "हेच ना?"

"हो. हेच."

"दात कुठं उभं राहून घासायचात?"

त्यानं बाण नेऊन फलाटाचं टोक दाखवलं. ती बराच वेळ त्या टोकाकडं बघत होती. मग तिला धाप लागली आणि दोघांनी तिला उचलून खाटेवर ठेवलं.

त्यानंतर ती तीनेक आठवडे होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तळ्याचं सांगायची. समाचाराला आलेल्या बायका तोंडावर हो हो करायच्या आणि बाहेर पडल्यावर एकमेकींकडं बघायच्या, की भ्रम झाला बिचारीला. डायवर ते ऐकून उठून बाहेर जायचा, टाकीखाली जाऊन उभा राहायचा. एका पहाटे ती झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी लेकीनं भरवलेली पेज तिनं अर्धी खाल्ली होती.

पाहुणे पांगले. लेक मागं राहिली. घर आवरताना तिनं खाट आतल्या खोलीत नेली, उशा उन्हात घातल्या. एका दुपारी ती ओले हात पुसत बाहेर आली. बाप बंद पडद्यापुढं बसला होता.

"आई सारखं तळ्याचंच बोलायची," ती म्हणाली. "मी तेव्हा दारातून तिच्याकडंच बघत होते. पडदा नीट बघितलाच नाही. मला दाखवा ना."

डायवरनं नाही अशी मान हलवली. मग म्हणाला, "ते तळं नव्हतं, बाळ."

"म्हणजे?"

"पाणी मी काढलं होतं. पाणी ठेवलं की मशीन पुलावरून पुढं जात नाही. खाली जमीन उरली होती. ती म्हणाली तळं. मी हो म्हटलं." त्याचा पंजा टेबलावर उताणा पडला होता, काही धरायला नसल्यासारखा. "उभ्या नोकरीत मी लालला हिरवा म्हटलं नाही. कुणासाठी नाही. आणि तिला फसवून पाठवली."

लेक स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली.

"सोडा गाडी," ती म्हणाली.

"पाणी चालू करू? पुलावर अडेल पण."

"नको. तिनं बघितलं तेच दाखवा."

मशीन सुरू झालं. उघड्या डोंगरातून, रिकाम्या फलाटांवरून गाडी गेली, पुलावरून गेली. डायवर सिग्नल बघत होता, पण मोठ्यानं बोलला नाही. लेकीला ती रीत ठाऊक होती, तिनंही त्याला बोल म्हटलं नाही. शेवटचं स्टेशन आलं. लेक पुढं वाकून त्या राखाडी पसाऱ्याकडं बघत राहिली. तिनं शाळेच्या सहलींतून तळी बघितली होती, समुद्रही बघितला होता.

"फरशी पुसून ठेवल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

डायवर अर्धवट हसला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, मग डोळे.

"सांगायला हवं होतं का गं तिला?"

"सांगून काय केलं असतं तिनं? गाडीत बसून आली होती ती. आता तिथून उतरवून परत पाठवणार होतात का?"

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. लेकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि थोड्या वेळानं काढला, कारण त्या घरात कुणाला तशी सवय नव्हती.

"परतीची गाडी कशी असते?" तिनं विचारलं.

"इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं."

"मग लावा. मी बसते."

"आज नको," डायवर म्हणाला. "इथं मुक्काम असतो."

त्यानं पडदा तसाच चालू ठेवला. लेक उन्हातल्या उशा आत आणायला उठली, आणि तो उठून तिच्यामागं गेला, एक उशी त्यानंही उचलली.